फुलोऱ्यांत कपाशीचीं पानें खुडावीं काय?

गेल्या खरिपांत पोळा होऊन थोडे दिवस लोटले असतां नांदूरघाटच्या शिवारांत आम्हांस एक नवाच प्रकार पाहावयास मिळाला. कपाशी ऐन फुलोऱ्यांत होती, आणि पांच-सहा बाया एकेक ओळ धरून झाडांचीं हिरवीं पानें खुडून पाट्या भरीत होत्या. शेताचे मालक आमचे जुने स्नेही. त्यांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अहो, मी नाशकाकडे द्राक्षांच्या बागा पाहून आलों. घडाभोंवतींचीं पानें काढलीं म्हणजे ऊन लागतें, वारा खेळतो, रोग हटतो. मग कपाशीनेंच काय घोडें मारलें आहे?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुढें आणखी दोघां-तिघांनीं तोच विचारला, म्हणून येथें त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. फुलोऱ्यांतील कपाशीचें निरोगी हिरवें पान खुडूं नये.

कपाशीच्या फळफांदीकडे नीट पाहावें. तिच्या प्रत्येक पेऱ्यावर एक पान आणि त्या पानाशेजारीं एक पातें अशी जोडी असते. पात्याचें फूल होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. फूल पहिल्या दिवशीं पांढरट, दुसऱ्या दिवशीं गुलाबी, हें आपण रोजच पाहतों. त्यानंतर तीन आठवडे बोंड आकारानें वाढतें, आणि मग आंतील धागा भरूं लागतो. या सर्व काळांत बोंडाची शिदोरी मुख्यतः शेजारच्या त्या एका पानाकडून व जवळच्या मुख्य खोडावरील पानाकडून येते. दूरच्या पानांकडून थोडीफार मदत होते, नाहीं असें नाहीं. पण घरचा भाकरी देणारा गेल्यावर शेजाऱ्यांनीं किती दिवस पुरवावें? शिदोरी तुटली म्हणजे झाड आपलें ओझें आपणच कमी करतें. पातेगळ होते, कोंवळीं बोंडें गळतात, आणि जीं राहतात तीं हलकीं राहतात.

कोणी म्हणेल, वरचीं पानें सोडा, पण तळाचीं सांवलींतलीं पानें तरी काय कामाचीं? हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. ओळी मिळून गेल्या म्हणजे तळाशीं ऊन पोंचत नाहीं, आणि पानही पूर्ण उमलल्यावर कांहीं आठवड्यांनीं उतरणीस लागतें. तथापि जुनें पान मरतांना रिकाम्या हातानें मरत नाहीं. त्यांतील नत्र व मॅग्नेशियम झाड हळूहळू काढून घेऊन वाढत्या बोंडांकडे धाडतें, आणि मगच पान पिवळें होऊन गळतें. हिरवें पान खुडणें म्हणजे ही ठेव झाडाच्या खात्यांतून आपणच उचलून बांधावर फेंकणें होय. आपल्याकडे बोंडांचा भार वाढला कीं कपाशीवर लाल्या येतो. त्याच्या मुळाशीं बहुधा याच दोन द्रव्यांची चणचण असते. ज्या झाडास ती आधींच भासते, त्याचीं पानें तोडण्यांत कोणतें शहाणपण? पूर्ण पिवळें पडलेलें पान काढलें तर हानि नाहीं. पण तें आपोआप गळणारच आहे, त्यासाठीं मजुरी कशाला?

द्राक्षाचा दाखला येथें लागू पडत नाहीं. द्राक्षाची वेल बागाइती. तिची वर्षांतून दोनदां, एप्रिलांत व ऑक्टोबरांत, छाटणी होते, आणि बागाईतदार घडास पुरेशीं पानें राखून मगच घडाजवळचीं विरळ करतो. आपली कपाशी बहुतेक पावसाच्या भरंवशावर उभी. भाद्रपदांत पावसानें ओढ दिली कीं काळ्या जमिनीस भेगा पडतात. तेव्हां पानांची सांवली हेंच जमिनीचें पांघरूण. पानें कमी केल्यास झाड पाणी कमी पिईल असें कित्येक म्हणतात. पिईल खरें, पण उघड्या पडलेल्या जमिनींतून ओल उडते, ती कोणी मोजावी?

आम्हीं स्वतः चार ओळींचीं तळाचीं पानें खुडून शेजारच्या चार ओळी तशाच ठेवून पाहिल्या. खुडलेल्या ओळींत फवारा आंतपर्यंत पोंचला हें कबूल केलें पाहिजे. परंतु पहिल्या वेंचणीस त्या ओळींचें बोंड हातांत हलकें लागलें, आणि कापूस वेंचणाऱ्या बायांनींच तें आम्हांस दाखवून दिलें. आकडे छापावे इतका हा प्रयोग काटेकोर नव्हता.

मग दाटी व बोंडसड यांवर उपाय काय? आमच्या वडिलांच्या वेळच्या गावरानी कपाशीचें पान चिरलेलें, अरुंद, त्यामुळें हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. 1970 सालीं सुरतेस एच-4 हा संकरित वाण निघाला, पुढें 2002 पासून बीटी वाण आले, आणि रुंद पानांच्या, पसरट झाडांस आपण युरिया सढळ हातानें घालूं लागलों. दाटीचें मूळ तेथें आहे. लागवडीचें अंतर जमिनीच्या मगदुराप्रमाणें ठेवावें आणि नत्र हप्त्यानें द्यावें. लागवड जवळची असेल, तर फुलोऱ्यापूर्वींच, चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास, तळाच्या गळफांद्या काढाव्या. गळफांदी खोडासारखी सरळ वर जाते व तिच्यावर थेट पातें धरत नाहीं. फळफांदी नागमोडी असते व पेऱ्यापेऱ्यास पातें धरते. परभणीकडील श्री. दादा लाड यांच्या नांवानें जी पद्धति ओळखली जाते, तींत गळफांदी काढणें व पुढें शेंडा खुडणें हींच मुख्य कामें आहेत. झाडें विरळ असतील तर मात्र गळफांदीच्या पोटफांद्यांवरही बोंडें लागतात. तेथें ती तोडण्याची घाई करूं नये. पान मात्र कोठेंच वेगळें खुडावयाचें नाहीं. परदेशांत यंत्रानें वेंचणी करणारे शेतकरी औषध फवारून सर्व पानें झाडतात, पण तेही साधारण साठ टक्के बोंडें उमलल्यावर.

आतां मजुरीचा प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या केज तालुक्यांतील कोयते ऊसतोडीस निघतात, आणि वेंचणीस माणूस मिळेनासें होतें. त्यापूर्वींचे जे थोडे हात मिळतात, ते पानांवर कां दवडावे? शिवाय फवारलेल्या पिकांत उघड्या हातांनीं पानें ओरबाडणें धोक्याचें आहे. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों काय? आमच्या स्नेह्यांकडे खुडलेलीं पानें शेळ्यांपुढें टाकावयाची तयारी चालली होती. चार दिवसांपूर्वीं फवारा झाल्याचें एका बाईस वेळेवर आठवलें, म्हणून निभावलें.

फुलोऱ्यांत खुडावयाचेंच असेल तर डोमकळ्या खुडाव्या. ज्या फुलाच्या पाकळ्या न उमलतां गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, त्यांत गुलाबी बोंडअळी असते. 2017 च्या हंगामांत या अळीनें महाराष्ट्रभर कपाशीची काय दशा केली तें सर्वांस ठाऊक आहे. डोमकळी बांधावर टाकूं नये. अळीसह नष्ट करावी. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावे, आणि एका सापळ्यांत ओळीनें तीन रात्रीं आठ-आठ पतंग दिसले म्हणजे उपायास लागावें. यंदा आमच्या स्नेह्यांनीं त्याच बायांस पाट्यांऐवजीं झांकणाच्या बादल्या देण्याचें कबूल केलें आहे.