आधी भार, मग रंग

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नूतनीकरण निघाले की पहिल्याच बैठकीत टेबलावर लॅमिनेटचे नमुने आणि संगणकावर काढलेली देखणी चित्रे येतात. काचेच्या खोल्या, रंगीत सोफे, लोंबते दिवे. पुस्तके त्या चित्रांत शोभेपुरती असतात. प्रत्यक्षात इमारतीला पेलायचे असते ते त्यांचेच वजन.

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात हा हिशेब दिलेला आहे. पुस्तके अन्यत्र ठेवलेली असतील तर वाचनकक्षाच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात. २.२ मीटर उंचीपर्यंतच्या स्टॅक रूमसाठी, म्हणजे पुस्तकांच्या रॅकच्या दालनासाठी, तोच ६, म्हणजे सुमारे ६०० किलो, आणि त्यापुढे दर मीटर उंचीला आणखी २. वाचनकक्ष आणि स्टॅक रूम यांची अदलाबदल नकाशावर एका दुपारात होते. वाचनकक्षाच्या स्लॅबवर मात्र त्याने दुप्पट भार येतो. रुळांवर सरकणारी कॉम्पॅक्टर कपाटे बसवली, तर त्याहूनही जास्त. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हाती येण्याआधी मांडणी पक्की करणे म्हणूनच धोक्याचे.

मग वाचकांसाठी जागा काढायची कुठून? अमेरिकेतील जॉर्जिया टेकने याचे उत्तर इमारतीबाहेर शोधले. एमरी विद्यापीठासोबत त्यांनी नियंत्रित हवामानाचे सामाईक ग्रंथकोठार उभारले, २०१६ मध्ये बहुतेक छापील संग्रह तिकडे हलवला आणि त्यानंतर प्राइस गिल्बर्ट व क्रॉसलंड टॉवर या जुन्या इमारतींचे काम हाती घेतले. मागणी नोंदवली की पुस्तक वाचकापर्यंत पोचते. मजले मोकळे झाले, पण रॅकमधून फिरताना न शोधलेले पुस्तक हाती लागण्याची सोय गेली. हा सौदा परवडतो का, याचा निर्णय अध्यापक आणि ग्रंथपाल यांच्यासमोर व्हायला हवा. सजावटकाराने तो परस्पर घेऊ नये.

आवाजाचा प्रश्न असाच मांडणीशी बांधलेला आहे. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाच्या साल्टायर सेंटरने २००६ मध्ये तो मजल्यांवर वाटून टाकला: तळमजल्यावर गजबज, वर चढत जावे तशी शांतता. आपल्याकडे गटचर्चेची खोली अनेकदा शांत वाचनकक्षाला खेटून येते आणि मध्ये असते ती काचेची एक पातळ भिंत. त्यात खाली गुळगुळीत टाइल्स आणि वर जिप्समचे साधे छत असले की खुर्ची सरकल्याचा आवाजही दालनभर घुमतो. ध्वनिशोषक छत आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या हा खर्च सोफ्यांच्या तुलनेत किरकोळ असतो. तरी काटछाट सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

वारसा इमारतीत तर काय लावायचे यापेक्षा काय लावायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, देणगी प्रेमचंद रायचंद यांची. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराला टीसीएसने अर्थसाहाय्य दिले आणि इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला. २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. अशा दालनात दगडी कमानी, लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या हीच अंतर्गत रचना असते. तिथे दगडात खाचा पाडून वायरिंग करणे किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून ओल आत कोंडणे हे गुन्हेच. प्लग, दिवे आणि नेटवर्कच्या तारा शक्यतो टेबलांच्या पोटातून न्याव्यात. टेबल उद्या हलवता येते, कमान हलवता येत नाही.

आणि आपला पावसाळा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की कागदावर बुरशी धरू लागते. दिवसा वातानुकूलन चालू आणि वीजबिलापायी रात्री बंद, हा क्रम दुर्मिळ ग्रंथांना फार जाचतो, कारण कागद आणि चामड्याची बांधणी रोज फुगते नि आकसते. दुर्मिळ संग्रहाला वेगळी यंत्रणा देऊन ती चोवीस तास चालवणे हे अख्ख्या इमारतीला गारवा देण्यापेक्षा शहाणपणाचे. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेली बंद कपाटे ओल आणि वाळवी या दोघींची सोय करतात. भिंत आणि कपाट यांत हात जाईल इतकी फट हवीच.

विद्यापीठांच्या निविदा बहुतेकदा फर्निचरच्या चौरस फुटांवर आणि सर्वांत कमी दरावर ठरतात. या पद्धतीत स्लॅबची तपासणी, पुस्तके क्रमाने हलवून परत लावण्याचे काम, ध्वनिशोषण आणि आर्द्रतानियंत्रण यांना स्वतंत्र रकानाच नसतो, आणि पुस्तके गोण्यांत भरून व्हरांड्यात पडतात. हे चार रकाने निविदेत घालून घेण्याचा आग्रह सल्लागाराने काम स्वीकारतानाच धरावा. ग्रंथपालाला पहिल्या बैठकीपासून बोलवावे आणि लॅमिनेटचे नमुने दुसऱ्या बैठकीला आणावेत.