एका फुप्फुसाची दंतकथा

कुमार गंधर्वांचं नाव निघालं की पाचव्या मिनिटाला फुप्फुस निघतं. घड्याळ लावून बघा हवं तर. गप्पा गाण्याच्या चाललेल्या असतात, कोणीतरी मालवतीबद्दल किंवा निर्गुणी भजनांबद्दल काहीतरी बरं बोलत असतो, आणि तेवढ्यात एक काका पुढे सरसावतात: "अहो, एका फुप्फुसावर गायचे ते! टीबी झाला म्हणून तर ती शैली आली." बाकीचे "हो ना, काय माणूस!" म्हणत मान डोलावतात. विषय संपतो. म्हणजे जो विषय तिथे सुरू व्हायला हवा, तो तिथेच संपतो.

२०२४ मध्ये कुमारांची जन्मशताब्दी झाली. तेव्हा ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आणि वाचली की डोकंच फिरलं. व्हॉट्सॅपवर तर तिचं पार बोधकथेत रूपांतर झालंय. संकट आलं, संकटातून कला जन्मली, तुम्हीही खचू नका, सुप्रभात, खाली गुलाबाचं फूल :-)

माझं म्हणणं सरळ आहे. ही गोष्ट खोटी नाही, पण तिचा कारण म्हणून जो वापर होतो तो साफ चुकीचा आहे. आणि तो निरुपद्रवी तर मुळीच नाही.

आधी ज्याबद्दल वाद नाही ते सांगून टाकतो. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाणारं पोर, म्हणून 'कुमार गंधर्व' ही पदवी. १९३६ च्या सुमारास मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकायला. १९४७ मध्ये लग्न, आणि त्याच सुमाराला क्षय. जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी माळव्यात, देवासला. काही वर्षं अंथरुणावर, गायची मनाई. तेव्हा नुकतंच आलेलं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, माणूस वाचला, एक फुप्फुस जवळपास कामातून गेलं. १९५२-५३ च्या सुमारास पुन्हा मैफली सुरू झाल्या, आणि लोकांनी ऐकलं ते गाणं पूर्वीचं नव्हतं.

आता आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम वेगळी वागायला लागली की 'रूट कॉज' शोधावं लागतं. नवीन पोरं हमखास काय करतात? बदलाच्या आदल्या दिवशी जे घडलं त्याच्यावर बोट ठेवतात. "सर, काल सर्व्हर रीस्टार्ट झाला होता." बरं, झाला होता. पण त्याने हे कसं झालं ते सांग की! एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे, हे आम्ही पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. कुमारांच्या बाबतीत मात्र सगळा सुशिक्षित महाराष्ट्र "सर्व्हर रीस्टार्ट झाला होता" यावर समाधान मानून बसलाय.

त्या काळात क्षय ही काही दुर्मिळ चीज नव्हती. घरोघरी माणसं जात होती. त्यात गाणारेही असतील, चित्रं काढणारेही असतील. त्या सगळ्यांतून नवे राग निघाले का? श्वास कमी पडला तर माणूस कमी गातो. वेगळं गात नाही.

मग वेगळं कुठून आलं?

पहिली गोष्ट म्हणजे ते देवासला सुरूच झालं नाही. देवधर हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण एकाच घराण्याची कवाडं लावून बसणारे नव्हेत. पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केलेला, आवाजाच्या शास्त्रावर विचार केलेला माणूस. त्यांच्या गिरगावातल्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येऊन गायचे. तिथे हा नक्कल करण्यात तरबेज मुलगा जवळजवळ दहा-अकरा वर्षं होता. सगळ्यांसारखं गाता येणारा मुलगा, ज्याच्या वाहवाची सुरुवातच 'अगदी अमक्यासारखा गातो' अशी झालेली. अशा मुलापुढे एक दिवस प्रश्न उभा राहतोच की सगळ्यांसारखं गाऊन झालं, आता आपलं काय? हा प्रश्न मुंबईत पडलेला आहे, दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असताना. देवासला तो सोडवायला वेळ मिळाला, इतकंच.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देवासला त्या खोलीत फक्त आजारपण नव्हतं. खिडकीही होती. बाहेरून बायका गात जायच्या. लग्नाची गाणी, बारशाची, सणावारांची, पावसाची. माळवी बोलीतली. कुमार पडल्यापडल्या ऐकत होते. इथवर दंतकथाही येते, पण इथून पुढचं कष्टाचं काम आहे आणि कष्टाचं काम फॉरवर्डमध्ये बसत नाही. ही गाणी गोळा केली गेली, शेकड्यांनी. स्वरलेखन करून उतरवली गेली. मग त्यांच्यावर विचार झाला.

लोकगीताची धून बहुतेक वेळा चार-पाच स्वरांत फिरते. ऐकणाऱ्याला ती 'गोड' वाटते आणि तो पुढे जातो. कुमारांनी विचारलं की या चार-पाच स्वरांच्या वागण्यात नियम काय आहे? कुठल्या स्वरावर ही बाई थांबते, कुठला नुसता शिवून जाते, चढताना कुठला गाळते आणि उतरताना घेते? हे सापडलं की त्या धुनेच्या पोटात एक सांगाडा दिसतो. त्या सांगाड्याला आरोह-अवरोह द्यायचा, त्याला पेलेल अशी बंदिश बांधायची, आणि बघायचं की हा राग म्हणून अर्धा-पाऊण तास उभा राहतो की पाचव्या मिनिटाला कोसळतो. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार, अहिमोहिनी हे त्यांचे 'धुनउगम राग' असे आले. १९६५ मध्ये 'अनूपरागविलास'चा पहिला भाग छापून आला, त्यात हा हिशोब जगापुढे मांडलेला आहे. बंदिशींसकट, नोटेशनसकट. याला प्रेरणा म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही. पण ही प्रेरणा छतातून ठिबकलेली नाही. ती वहीत उतरवलेली आहे.

आणि हो, भानुमतीबाई. फुप्फुसाच्या गोष्टीत त्यांना जागाच नाही, लक्षात आलंय का? देवधरांच्याच शाळेत शिकलेली ही बाई स्वतः गाणारी. नवरा अंथरुणाला खिळल्यावर देवासला शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली, गाण्यांच्या या सगळ्या उद्योगातही त्या होत्या. १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या. टेकडीच्या पायथ्याशी कुमारांचं जे घर आहे त्याचं नाव 'भानुकुल' आहे. आपण मात्र शैलीचं श्रेय जंतूला देतो. क्षयाच्या जंतूला! बाईच्या पगाराला नाही.

आता एक साधी चाचणी लावा. फुप्फुस १९५२ नंतर बदललं नाही. गाणं बदलत राहिलं. आधी लोकधुना. मग देवासच्या शीलनाथांच्या धुनीवरची आणि फिरत्या नाथजोग्यांकडची निर्गुणी भजनं, आणि त्यांच्यासाठी आवाज फेकायची एक निराळीच तऱ्हा. मग गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत असे एकेका ऋतूचे बांधलेले कार्यक्रम. कबीर-सूर-मीरा यांची 'त्रिवेणी'. 'मला उमजलेले बालगंधर्व', ज्यात नक्कल करण्यात बालपण गेलेल्या माणसाने बालगंधर्वांची नक्कल करायचं साफ नाकारलं. तांबे गीत रजनी. (भा. रा. तांबेही ग्वाल्हेर-माळव्याकडचेच, हे आपण मराठी लोक सोयीस्करपणे विसरतो.) पुढे तुलसीदास, तुकाराम. शैली जर आजाराने आली असती तर ती एकदाच आली असती आणि तिथेच गोठली असती. इथे दर काही वर्षांनी माणूस नवीन काहीतरी ऐकतोय, त्यात बुडतोय आणि वेगळा होऊन बाहेर येतोय. जानेवारी १९९२ मध्ये जाईपर्यंत.

गंमत अशी की हे फुप्फुस दोन्ही पार्ट्यांना सोयीचं आहे. भक्तांना चमत्कार मिळतो. आणि ज्यांना ते गाणं पचलंच नाही त्यांना सभ्य भाषेत नाकारायची सोय मिळते: "विलंबित नाही हो भरत, तुकड्यातुकड्यांत गातात... बिचाऱ्यांना दम पुरत नाही ना." म्हणजे माणसाने विचार करून निवडलेली गोष्ट ही त्याची अडचण ठरवायची आणि वर सहानुभूती दाखवायची. यापेक्षा सरळ "मला आवडत नाही" म्हणणारा परवडला. त्याने निदान गाणं तरी ऐकलेलं असतं. निर्गुणी भजनांतली ती अचानक वर फेकलेली हाक ऐका, आणि मग सांगा हे दम वाचवणाऱ्या माणसाचं गाणं आहे का.

शरीराचा काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाहीये. होतोच. जँगो राइनहार्ट हा गिटारवादक घ्या. १९२८ मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने तंत्र नव्याने बसवलं. ते तंत्र आगीचंच, मान्य. पण तो वाजवत काय होता? जॅझ. ते आगीतून आलं नाही, लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकून आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर शारीरिक अडचण तुम्हाला वर्कअराउंड देते. डिझाईन देत नाही.

मातीसचं उदाहरण तर फुप्फुसाच्या गोष्टीचा जुळा भाऊ आहे. १९४१ मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं, ब्रश घेऊन उभं राहणं जमेना म्हणून रंगीत कागद कापून चित्रं करायला लागला, अशी ती गोष्ट. वाचायला झकास. फक्त एक भानगड आहे. त्याआधी दहा वर्षं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या बार्न्स फाउंडेशनसाठी 'डान्स' हे प्रचंड भित्तिचित्र करताना तो आकृत्यांची जुळवाजुळव रंगीत कागद कापून, भिंतीवर लावून, हलवून करत होता. कात्री आधीपासून हातात होती. ऑपरेशनने बाकीच्या गोष्टी बाजूला केल्या.

मला याचा एवढा त्रास का होतो? कारण ही गोष्ट ऐकून पोरं हात आवरतात.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान. स्केचेस काढायचा, आणि फार चांगली. मीटिंगमध्ये मॅनेजर बोलत असताना वहीच्या कोपऱ्यात त्याचा हुबेहूब तोंडवळा उमटवायचा. (मॅनेजरने ते कधी पाहिलं नाही म्हणून नोकरी शाबूत आहे.) गेल्या वर्षी त्याने बंद केलं. का रे, विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? शाळा, क्लास, इंजिनिअरिंग, कॅम्पस, ही कंपनी. काही घडलंच नाही आयुष्यात. ज्यांचं काहीतरी असतं ना, त्यांचं बघ. आजार, फाळणी, तुरुंग... मी आपला तेच तेच काढतोय. स्टाईल कुठून बदलणार?"

म्हणजे हा चोवीस-पंचवीस वर्षांचा धडधाकट गडी संकटाची वाट बघत बसलाय! आणि तसं त्याला कोणी शिकवलं? आपण. प्रत्येक कलावंताच्या चरित्रातून वही, कात्री, रियाज, बायकोचा पगार हे सगळं वगळून फक्त अपघात शिल्लक ठेवला की त्याचा दुसरा अर्थ काय निघणार?

मी त्याला भानुमतीबाई, खिडकी, संजारी सगळं सांगितलं. कंटाळला थोडा, पण ऐकलं. म्हणाला, त्यांच्या खिडकीखालून बायका तरी जात होत्या.

आमच्या ऑफिसच्या मागे दोन वर्षं बांधकाम चाललंय. संध्याकाळी सहाच्या सुमारास मजुरांच्या बाया विटांच्या चुली पेटवतात, पोरं वाळूच्या ढिगावरून घसरतात, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी कुठल्यातरी पूर्वेकडच्या बोलीत काहीतरी गातात. आम्ही चौथ्या मजल्यावर, एसीत. काच उघडत नाही त्यामुळे गाणं ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात. याच्या डेस्कवरून तर सगळं समोरच दिसतं. त्यातलं एकही चित्र त्याने काढलेलं नाही. खाली जायला लिफ्ट आहे. सोमवारी त्याला घेऊन जाणार आहे, वही त्याने आणायची आणि चहा मी पाजायचा असं ठरलंय.