फिल्मची पिशवी

उन्हाळ्याच्या सुट्टीत वारासिवनीला जाणं झालं. माझी मावसबहीण लग्न होऊन आपल्या सीमाभागातून थेट बालाघाट जिल्ह्यात गेली, त्याला २५ वर्षं होतील. शेजारी पोवारी, बाजारात हिंदी, घरात मराठी. पण रागावली की अजून कन्नडच!

यावेळी राग लेकीवर होता. लेकीला बारावीनंतर आपल्याकडे शिकायला यायचंय, होस्टेलवर. आई म्हणते, "खोलीतल्या मुलींना ऑपरेशनचं सांगून ठेव." लेक म्हणते, "मावशी, माझ्या डोक्यात नळीसुद्धा नाही. सांगू काय?"

ती ११ वर्षांची असताना मेंदूत पाणी साठल्याचं निघालं. हे पाणी प्रत्येकाच्याच मेंदूत दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. हिची मधली अरुंद वाट बंद झाली होती. अशा वेळी बरेचदा शंट, म्हणजे कातडीखालून पोटात उतरणारी नळी घालतात. ती तुंबली की पुन्हा ऑपरेशन. हिला नागपूरला दुर्बिणीतून मेंदूतल्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून पाण्याला आतच वाट करून दिली. युक्ती जुनी आहे, बोस्टनच्या डॉ. मिक्स्टर यांनी ती १९२३ साली केली होती. पुढे युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी तान्ह्या बाळांसाठी ती वापरली, पाणी तयार करणारा भाग जाळण्याची जोड देऊन. नळी तुंबली तर खेड्यातलं मूल वेळेत दवाखान्यात पोचायचं नाही, ही त्यांची काळजी. वारासिवनी ते नागपूर प्रवासात मला ती चांगलीच कळली.

पण छिद्रही बुजतं. बहुधा पहिल्या काही महिन्यांत, क्वचित कित्येक वर्षांनी, आणि तेव्हा थांबायला वेळ नसतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं, गुंगी. होस्टेलवर 'पित्त झालंय' म्हणून गोळी देऊन झोपवतील, ही बहिणीची भीती. मला ती उगाच वाटत नाही. शिवाय सगळं ठीक असूनही स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्या दिसू शकतात. जुनी फिल्म समोर नसेल तर नव्या डॉक्टरांनी ताडून बघायचं कशाशी?

रात्री तिघींनी बसून एक कागद लिहिला. ऑपरेशनचं नाव, तारीख, लक्षणं, दोन्ही भाषांत. डोकेदुखीला बहिणीने 'तलेनोवु' सांगितलं. "आणि उलटीला?" लेकीने विचारलं.

"वांती. मराठीत, कन्नडात एकच."

ती हसली. कागद फिल्मच्या पिशवीत ठेवला. मुलींना सांगेन की नाही, ते मात्र बोलली नाही.