अरोकेरियाची किंमत शेंड्यावर ठरते

शोभेच्या सूचिपर्णी वृक्षांमध्ये अरोकेरियाला शहरी बाजारपेठेत चांगली मागणी आहे. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकले जाणारे हे झाड मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरचे. सरळ खोड आणि त्याभोवती मजल्यामजल्याने पसरलेल्या फांद्या, या घडणीसाठीच ग्राहक पैसे मोजतो. ती घडण ज्या रोपात येणारच नाही, असे रोप विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. मग ती अजाणतेपणी का झालेली असेना.

अरोकेरियाच्या बाजूच्या फांदीची छाट कलम मुळे धरू शकते. परंतु त्या फांदीचा आडवे वाढण्याचा स्वभाव कलमातही टिकून राहतो आणि झाड उभे होत नाही. काठीच्या आधाराने हा दोष काही काळ झाकता येतो, घालवता येत नाही. असे रोप ओळखणे अवघड नाही. त्याच्या उपफांद्या पिसाप्रमाणे दोनच बाजूंना असतात; चांगल्या रोपाच्या फांद्या खोडाभोवती सर्व दिशांना सारख्या पसरतात.

अभिवृद्धीचे भरवशाचे मार्ग दोन आहेत: ताजे बी किंवा उभा शेंडा. शेंडा काढल्यावर मातृवृक्षाच्या खोडावरील सुप्त डोळ्यांतून नवे उभे धुमारे फुटतात व त्यांपासून पुढील कलमे करता येतात. शेंडा छाटलेल्या झाडाची मूळ घडण मोडते आणि ते विक्रीयोग्य राहत नाही, ही अडचण खरी आहे. तथापि मोजकी झाडे मातृवृक्ष म्हणून वेगळी राखणे हा तोटा नसून रोपवाटिकेचे भांडवल आहे. झाड सावकाश वाढते. म्हणून त्यावरच सर्व भिस्त न ठेवता लवकर विकल्या जाणाऱ्या शोभिवंत रोपांसोबत त्याचे नियोजन करावे.

निगेतही घडण जपणे महत्त्वाचे. गळालेल्या खालच्या फांद्या पुन्हा येत नाहीत. त्यामुळे कुंडीतील माध्यम निचऱ्याचे असावे, पाणी साचू देऊ नये आणि कुंडी पूर्ण कोरडीही पडू देऊ नये. भरपूर उजेड द्यावा. कडक उन्हाळ्यात लहान रोपांना शेडनेटची सावली करावी. जमिनीत लावताना इमारत व वीजतारांपासून दूर जागा निवडावी, कारण मूळ स्थानी हा वृक्ष 50 मीटरहून उंच वाढतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी रोपवाटिका प्रशिक्षणात दोन्ही प्रकारची रोपे शेजारी ठेवून दाखवावीत. रोपवाटिकाधारकांनीही रोप बियांचे, शेंड्याचे की फांदीचे, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. एवढ्या एका नोंदीने प्रामाणिक उत्पादकाला त्याच्या श्रमाचा योग्य दर मागता येईल.