मलाही अस्संच झालं होतं

परवा मैत्रिणीची मुलगी घरी आली होती. बारावी झाली, आता मानसशास्त्रच घ्यायचं म्हणते. तीन वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले. कसे गेले, ते घरात कुणी उच्चारत नाही.
"मावशी, मला झेलावं लागलं तसं कुणाला एकट्याने झेलायला लागू नये."
मी "छान" म्हटलं खरं, पण रात्री झोप लागेना.

अशा वेळी लोक म्हणतात, "तुलाच तर दुसऱ्याचं दुःख खरं कळणार!" मला हे पटत नाही. आई गेली तेव्हा शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि "मलाही अस्संच झालं होतं" म्हणून अर्धा तास स्वतःचंच सांगत बसल्या. शेवटी मीच त्यांना चहा करून दिला! मन चांगलं होतं हो त्यांचं, पण माझं बोलणं राहूनच गेलं.

मला मार्शा लिनेहान आठवल्या. १९६१ साली, १७ वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेत हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. स्वतःला कापून घेत, चटके देत. दोन वर्षांहून जास्त काळ तिथे काढला. मग शिकल्या, १९७१ मध्ये पीएच.डी. केली आणि आत्महत्येच्या काठावर असलेल्यांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी केली. स्वतःची ही कहाणी मात्र जाहीरपणे सांगितली २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात जाऊन. पन्नास वर्षांनी! तोवर लोकांनी त्यांना जोखलं ते कामावरून, हातावरच्या व्रणांवरून नाही.

त्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उपचार करणारेही नियमित एकत्र बसतात, आपण कुठे थकलो, कुठे घाबरलो ते एकमेकांना सांगतात. ही वरून जोडलेली सोय नाही, उपचाराचाच भाग आहे. जिने स्वतः सोसलं, तिला समोरच्या खुर्चीतलं माणूसही कोलमडू शकतं हे ठाऊक होतं. आपल्याकडे मात्र "आता तू सावरलीस ना?" एवढं विचारून आपण मोकळे होतो.

असो. काल तिला फोन केला. म्हटलं, "घे मानसशास्त्र, जरूर घे. पण आधी तुझ्यासाठी एखाद्या चांगल्या समुपदेशक बाई शोधू."
ती बराच वेळ गप्प.
"बाबांबद्दल बोलावं लागेल का गं?"
"हो."
"...आईला इतक्यात सांगू नकोस. शनिवारी येते मी."