अक्षरं गायब, सनई चालू

जबलपूरच्या गोरखपूर भागात माझी मावशी राहते. वय ७९, ऐकू फार कमी येतं. ताईच्या १९९८ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दादाने दुकानातून फाइलमध्ये करून आणली. त्यात काका आहेत. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. मावशीला त्यांचं बोलणं निदान वाचता यावं म्हणून दादाने संवाद कागदावर उतरवले, बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतले, वेळा स्वतः टाकल्या आणि सगळं राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवलं. टीव्ही लावला, तर सबटायटल नाहीच, आणि आवाज नुसता सनईचा. मग मला फोन आला.

पहिली अडचण सोपी होती. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर डिस्कवरचे व्हिडिओ ‘डीएलएनए’ पद्धतीने दाखवत होता. या पद्धतीत टीव्हीला फोल्डर दिसत नाही, राउटरने केलेली व्हिडिओंची यादी दिसते, आणि सबटायटलची वेगळी फाइल बहुतेक वेळा त्या यादीत येतच नाही. टीव्ही अँड्रॉइडचा असल्याने त्यावर व्हीएलसी टाकलं आणि तीच डिस्क ‘एसएमबी’च्या वाटेने उघडली. आता खरं फोल्डर दिसलं. दोन्ही फाइलींचं नाव एकच हवं: व्हिडिओ ‘लग्न.एमकेव्ही’ असेल तर सबटायटल ‘लग्न.एसआरटी’. दादाच्या नावात एक जादा जागा सुटली होती.

सबटायटल उमटलं, पण कसं? रोमन अक्षरांचा निव्वळ खिचडा! इथे जरा थांबून नीट बघायचं, कारण खिचड्याच्या प्रकारावरून दुखणं कळतं. साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. मध्य प्रदेशात कोर्टकचेरीच्या कामामुळे टायपिंगवाले अजून कृतिदेववरच असतात. त्या फाँटशिवाय तो मजकूर म्हणजे खरोखर रोमनच. युनिकोडमध्ये बदलून देणारं कन्व्हर्टर वापरायचं. डोक्यावर टिकल्या-रेघा असलेली रोमन अक्षरं पुन्हापुन्हा येत असतील, तर मजकूर ठीक आहे, प्लेअर तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ करा. रिकामे चौकोन म्हणजे प्लेअरकडे देवनागरी फाँट नाही. आणि नुसती प्रश्नचिन्हं? मग वाईट बातमी. कोणीतरी नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून फाइल जतन केली आणि अक्षरं कायमची गेली. मूळ प्रत शोधा. दादाचा कागद मी म्हणूनच फेकू दिला नाही.

आमचं दुखणं कृतिदेवचं निघालं. बदलून घेतलं, पण कन्व्हर्टरने काही जोडाक्षरं बिघडवली, ती हाताने सुधारली.

मग वेळ. प्रत्येक ओळ बारा सेकंद उशिरा येत होती, सुरुवातीलाही आणि शेवटीही. दुकानदाराने टीव्हीच्या प्रतीतून सुरुवातीचा कोरा भाग कापला होता. असा सारखाच फरक असेल तर प्लेअरमध्ये सबटायटल पुढे-मागे करता येतं. संगणकावरच्या व्हीएलसीत त्यासाठी जी आणि एच या कळा आहेत. फरक वाढत जात असेल तर मात्र सरकवून उपयोग नाही. सिनेमांत हे होतं: सबटायटल सेकंदाला २५ चित्रांच्या प्रतीसाठी, सिनेमा २३.९७६ चा. तासाभरात अडीच मिनिटांच्या आसपास फरक पडतो. तेव्हा वेग बदलावा लागतो. ते काम ‘सबटायटल एडिट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं.

राहिली सनई. फाइलमध्ये दोन ऑडिओ ट्रॅक होते: पहिल्यात दुकानदाराची सनई, दुसऱ्यात मूळ आवाज. व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूत दुसरा निवडला. दर वेळी निवडायला नको म्हणून संगणकावर ‘एमकेव्हीटूलनिक्स’मध्ये मूळ ट्रॅकवर ‘डिफॉल्ट’ची खूण केली, फाइल नव्याने बनवावी लागत नाही, काही सेकंदांचं काम. (तुमच्याकडे चित्र दिसतं आणि आवाज अजिबात नाही, असं असेल तर ट्रॅक ‘डीटीएस’चा आहे का ते पाहा. बऱ्याच टीव्हींचे स्वतःचे प्लेअर तो वाजवत नाहीत.)

संध्याकाळी सगळे बसलो. अक्षरं मोठी, पिवळी केली होती. काका व्याह्यांसमोर हात जोडून उभे, खाली ओळ आली: ‘मुलीला सांभाळा.’

“थांबव गं,” मावशी म्हणाली. “ते ‘सांभाळा’ नाही म्हणाले. ‘सांभाळून घ्या’ म्हणाले.”

दादाने आवाज वाढवून तो तुकडा पुन्हा लावला. मावशीचं बरोबर होतं. मी तिथेच लॅपटॉप उघडला, ओळ सुधारली आणि जतन करताना यूटीएफ-८ आहे ना, ते दोनदा पाहिलं.