अल्झायमरची रक्तचाचणी: आधी तक्रार, मग सुई

रक्तावरून अल्झायमर ओळखण्याच्या शोधाने अनेकदा हुलकावणी दिली आहे. २००७ मध्ये रक्तातल्या १८ प्रथिनांवरून हा आजार कळतो, असा दावा झाला. पुढे तो पडताळणीत टिकला नाही. आता मात्र खरोखर काही हाती लागलं आहे. त्याचं नाव पी-टाऊ २१७. मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचू लागलं की टाऊ प्रथिनाचं हे रूप रक्तात वाढतं, तेही विसर पडू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२४ चा अभ्यास पाहा. स्मरणाच्या तक्रारी असलेले १,२१३ रुग्ण त्यात होते. प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं निदान सुमारे ६१ टक्के वेळा बरोबर ठरलं, तज्ज्ञांचं ७३ टक्के, रक्तचाचणीचं ९० टक्क्यांच्या आसपास. आजवर खात्रीसाठी पाठीतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढावं लागे, नाहीतर महागडं पेट स्कॅन. त्यामुळे हा फार मोठा दिलासा आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पहिल्या चाचणीला मंजुरी दिली.

त्या मंजुरीची चौकट आपण नीट वाचायला हवी. वय ५५ किंवा त्याहून जास्त, लक्षणं दिसत असलेली व्यक्ती आणि तज्ज्ञांची देखरेख. धडधाकट माणसांसाठी ही चाचणी नाही. अमायलॉइड साचूनही अखेरपर्यंत शाबूत राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. शिवाय मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही पी-टाऊ वाढलेलं दिसतं. मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेले ज्येष्ठ आपल्याकडे घरोघरी आहेत. म्हणून उद्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये थायरॉइड, साखरेच्या जोडीला ही चाचणी विकली गेली, तर माझा त्याला ठाम विरोध असेल. लेकॅनेमॅब, डोनॅनेमॅब ही अल्झायमरवरची नवी औषधं ऱ्हास थोडा मंद करतात, थांबवत नाहीत, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. लक्षणं नसलेल्या माणसाच्या हाती नुसता ‘पॉझिटिव्ह’ कागद देऊन त्याची झोप तेवढी उडेल.

आईवडील तेच तेच विचारू लागले, हिशेबात चुकू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. नैराश्य तर नाही ना, तेही बघा. यातून येणारा विसराळूपणा उपचारांनी बरा होऊ शकतो. त्यानंतरही शंका उरली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना या नव्या चाचणीबद्दल जरूर विचारा.